खळबळीतून आखणी : गुरू ग्रहावरचे पट्टे आणि कार्यकारणभाव

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





वर्षावासात आपल्या विहारात धम्मग्रंथाचे वाचन होते, धम्मावर प्रवचने होतात. यंदा त्यातील एक दिवस विज्ञानासाठी ठेवावा असे मंडळाने ठरविले आणि मला बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आजचा विषय आहे गुरू ग्रह. पण पत्रिकेतला गुरू नव्हे, आकाशातला गुरू.

पत्रिकेतला गुरू सर्वांना ठाऊक आहे. गुरुबळ नाही म्हणून मुलीचे लग्न लांबते, गुरूचा अस्त आहे म्हणून मुहूर्त मिळत नाही, शनीची साडेसाती लागली म्हणून शांती करावी लागते. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षा दिली तेव्हा आपण हे सारे मागे टाकले. तरीही सोयरीक जुळवताना समोरून पत्रिकेची मागणी झाली की आपल्यातलेही काही जण गुपचूप ज्योतिषाचे घर गाठतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही. भीती घालवायची असेल तर ज्याची भीती वाटते ती वस्तू नीट पाहिली पाहिजे. म्हणून आज आपण गुरू पाहू. त्याच्यावर एक मोठी आखीव-रेखीव नक्षी आहे. ती कोणी आखली, हा आजचा प्रश्न आहे.

गुरू आहे तरी कसा?

गुरू हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह. त्याचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अकरा पट. वजन पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट. एवढा अवजड ग्रह स्वतःभोवती एक फेरी दहा तासांपेक्षा थोड्या कमी वेळात पुरी करतो. त्याच्या विषुववृत्तावरचे ढग केवळ या फिरण्यामुळे ताशी सुमारे ४५,००० किलोमीटर वेगाने जात असतात. त्याला आपल्यासारखी जमीन नाही. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचा बनला आहे. त्याच्या वातावरणात डोंगर नाहीत, समुद्रकिनारे नाहीत. वाऱ्याला अडविणारे असे काहीच नाही.

दुर्बिणीतून पाहिल्यास त्याच्यावर विषुववृत्ताला समांतर असे पट्टे दिसतात. एक फिकट, एक गडद, पुन्हा फिकट, पुन्हा गडद. जणू कोणी पट्टी धरून रेघा ओढल्या आहेत. या पट्ट्यांच्या कडेने झोतासारखे वारे वाहतात. एक झोत पूर्वेकडे, त्याच्या शेजारचा पश्चिमेकडे, पुन्हा पूर्वेकडे. त्यांतल्या जोरदार झोतांचा वेग ताशी साडेतीनशे ते पाचशे किलोमीटरपर्यंत असतो. दक्षिण गोलार्धात या पट्ट्यांमध्ये एक प्रचंड तांबडा डाग आहे. तो डाग म्हणजे एक वादळ आहे आणि त्यात आपली अख्खी पृथ्वी मावेल.

आता अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांनी १९७९ साली जवळून घेतलेली छायाचित्रे पाहा. दुरून सरळ दिसणाऱ्या या पट्ट्यांत जवळून काय दिसले? नुसती खळबळ! हजारो लहान भोवरे, गुंतलेले धागे, फाटलेले ढग. कोठेही क्षणाची शांतता नाही. जवळून पाहावे तर गोंधळ, दुरून पाहावे तर शिस्त. ही शिस्त गोंधळ असूनही टिकली आहे की गोंधळामुळेच टिकली आहे? शास्त्रज्ञांचे उत्तर असे आहे, की गोंधळामुळेच. ते कसे, हे समजून घेणे थोडे अवघड आहे, पण आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

खळबळ म्हणजे काय?

समोर लावलेली उदबत्ती पाहा. तिचा धूर वीतभर दोऱ्यासारखा सरळ वर जातो आणि मग एकाएकी त्याला वळसे पडतात, तो विस्कटतो. सरळ जाणाऱ्या प्रवाहाला स्तरीय प्रवाह म्हणतात आणि विस्कटलेल्या प्रवाहाला संक्षुब्ध प्रवाह. हीच ती खळबळ. शास्त्रात तिला संक्षोभ असे नाव आहे. ऑसबोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून १८८३ साली याचा अभ्यास मांडला. वेग कमी असता रंगाची धार सरळ राहते, वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती विस्कटते, हे त्याने दाखविले.

आपल्या रोजच्या अनुभवातली खळबळ लवकर संपते. चहात चमचा फिरवा. मोठा भोवरा होतो, त्याचे लहान भोवरे होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी घर्षणाने सारी हालचाल उष्णतेत विरून जाते. मोठ्याकडून लहानाकडे असा हा ऊर्जेचा उतार आहे. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली त्याचे गणित मांडले.

असे का होते? भोवरा ताणला गेला की तो बारीक होतो आणि अधिक वेगाने फिरतो. हात पसरून गोल फिरणारा मुलगा हात अंगाशी घेतो तेव्हा त्याचा वेग वाढतो, तसेच हे. पाण्यात वर-खाली, उजवीकडे-डावीकडे, पुढे-मागे अशी सर्व बाजूंनी मोकळीक असते, म्हणून भोवरे एकमेकांना ताणत राहतात, बारीक होत जातात आणि नाहीसे होतात.

हाच नियम गुरूलाही लागू असता तर तेथे पट्टे दिसलेच नसते. सारी हवा ढवळून एकजीव झाली असती. मग तेथे वेगळे काय आहे?

चपट्या जगातला उलटा व्यवहार

वेगळे हे आहे, की ग्रहाच्या वातावरणातली मोठी हालचाल जवळजवळ चपटी असते. याची दोन कारणे. पहिले, ज्या थरात हवामान घडते तो थर ग्रहाच्या मानाने पातळ असतो. पृथ्वीवर ढग आणि पाऊस मुख्यतः दहा-पंधरा किलोमीटर उंचीच्या आत घडतात, पण आडवा पसारा हजारो किलोमीटरचा. दुसरे कारण ग्रहाचे फिरणे. वेगाने फिरणाऱ्या द्रवाच्या किंवा वायूच्या अंगी एक प्रकारचा ताठपणा येतो. त्यातली हालचाल फिरण्याच्या आसाला समांतर अशा खांबांप्रमाणे होते. खांब एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतात, पण सहजासहजी ताणले जात नाहीत. इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी फिरत्या पाण्याच्या टाकीत हे प्रत्यक्ष करून दाखविले.

भोवरे ताणता येत नसतील तर ऊर्जेच्या उताराची दिशा बदलते. हे समजण्यासाठी आपल्या मंडळाच्या खजिनदारांची आठवण करू. समजा, त्यांना दोन वह्या सांभाळाव्या लागतात आणि दोन्ही जुळल्या पाहिजेत. चपट्या प्रवाहालाही दोन वह्या आहेत. एक ऊर्जेची, दुसरी गिरकीची. तेवढीच ऊर्जा लहान भोवऱ्यांत साठवायची तर गिरकी फार मोठी लागते. मोठ्या भोवऱ्यांत साठवायची तर थोडी पुरते. चपट्या प्रवाहात ताण नसल्यामुळे गिरकीच्या वहीतली रक्कम वाढविता येत नाही. म्हणून थोडीशी ऊर्जा लहानांकडे गेली, तर हिशेब जुळविण्यासाठी बाकीची मोठ्यांकडे जावीच लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेचनन यांनी १९६७ साली हा सिद्धान्त मांडला. एकाच दिशेने फिरणारे शेजारचे दोन भोवरे एकमेकांत मिसळतात, त्यांचा एक मोठा होतो, तो पुन्हा दुसऱ्यात मिसळतो. चहाच्या कपात मोठ्याचे लहान होतात, येथे लहानांचे मोठे होतात.

मित्रहो, येथे कोणी हुकूम देत नाही. 'तुम्ही एकत्र या' असे भोवऱ्यांना सांगणारा कोणी नाही. दोन वह्यांचा हिशेब आहे आणि त्या हिशेबाचा परिणाम आहे.

मग पट्टे का पडतात?

विद्यार्थी विचारतील, की असे असेल तर सगळे भोवरे मिसळून शेवटी ग्रहाएवढा एकच भोवरा का होत नाही? पट्टेच का पडतात? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर ग्रहाच्या गोल आकारात आहे.

फिरत्या गोलावर ध्रुवाजवळ उभे राहिलात तर ग्रहाबरोबर तुम्ही जागच्या जागी गिरकी घेता. विषुववृत्तावर उभे राहिलात तर तशी गिरकी मिळत नाही, तुम्ही नुसते पूर्वेकडे वाहून नेले जाता. मधल्या प्रदेशात ही गिरकी विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे वाढत जाते. हवेचा एखादा पुंजका ध्रुवाकडे सरकला, की ग्रहाकडून मिळणारी गिरकी वाढते. पण त्याची एकूण गिरकी कायम राहायची, म्हणून त्याच्या अंगी उलटी गिरकी येते आणि शेवटी तो परत फिरतो. मूळ जागा ओलांडून विषुववृत्ताकडे गेला तर तिकडूनही परत येतो. म्हणजे उत्तर-दक्षिण हालचालीला जणू स्प्रिंग लावलेली आहे. या हेलकाव्यांतून ज्या लाटा निर्माण होतात त्यांना रॉसबी लाटा म्हणतात. मूळचे स्वीडनचे आणि पुढे अमेरिकेत काम केलेले हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी १९३९ साली त्यांचे विवेचन केले.

भोवरा लहान असतो तोवर त्याला ग्रहाची गोलाई जाणवत नाही. तो मिसळत जातो, वाढत जातो. एका आकाराला पोहोचला की मात्र ही स्प्रिंग त्याला अडवू लागते. उत्तर-दक्षिण वाढ थांबते, पूर्व-पश्चिम वाढीला मात्र आडकाठी नसते. मग ऊर्जा आडवी पसरते आणि पट्टे व झोत तयार होतात. पीटर ऱ्हाइन्स यांनी १९७५ साली ही मर्यादा गणिताने काढली. वाऱ्याचा वेग, ग्रहाच्या फिरण्याचा वेग आणि ग्रहाचा आकार एवढे ठाऊक असले की पट्ट्याची रुंदी ढोबळमानाने सांगता येते.

हिशेब करून पाहा. पृथ्वीसाठी ही रुंदी सुमारे तीन हजार किलोमीटर येते. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर दहा हजार किलोमीटर. म्हणजे एका गोलार्धात दोन-तीन पट्टे मावतील. प्रत्यक्षात आपल्या पृथ्वीवर प्रत्येक गोलार्धात पश्चिमेकडून वाहणारे दोन मुख्य झोत आहेत. गुरूसाठी रुंदी दहा-बारा हजार किलोमीटर येते आणि विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर आहे सुमारे १,१०,००० किलोमीटर. म्हणजे एका गोलार्धात नऊ-दहा पट्टे. गुरूवरही साधारण तेवढेच दिसतात. एकच नियम दोन ग्रहांना लावला आणि दोन्हीकडे उत्तर जुळले. ज्योतिषाने गुरूविषयी हजारो वर्षे बोलून त्याच्यावर किती पट्टे आहेत हे सांगितलेले नाही!

पुरावा कोठे आहे?

सिद्धान्त सुंदर असला म्हणून खरा ठरत नाही. पुरावा हवा.

पहिला पुरावा व्हॉयेजरचा. १९७९ सालच्या छायाचित्रांतील ढगांचे ठिपके मागोमाग मोजून शास्त्रज्ञांनी वाऱ्यांचा हिशेब काढला. लहान भोवरे झोतांना लुटत नाहीत, उलट आपली गती झोतांना देतात, असे त्यात आढळले. २००० सालच्या अखेरीस कॅसिनी यान शनीकडे जाताना गुरूजवळून गेले. त्याच्या अधिक चांगल्या छायाचित्रांतूनही हेच दिसले. भोवऱ्यांना ही ऊर्जा कोठून मिळते? थोडी सूर्याकडून आणि बरीचशी गुरूच्या पोटातून. गुरूला सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढाच मिळतो, पण सूर्याकडून घेतो त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता तो बाहेर टाकतो. ती त्याच्या जन्मापासून आत साठलेली आहे. ती वर येताना मेघगर्जनेची वादळे होतात, वादळांतून लहान भोवरे होतात आणि भोवऱ्यांतून झोत पोसले जातात.

दुसरा पुरावा डोळ्यांदेखत घडला. तांबड्या डागाच्या दक्षिणेला १९३९-४० च्या सुमारास तीन पांढरे लंबगोल भोवरे तयार झाले. सुमारे साठ वर्षे ते टिकले. १९९८ साली त्यांतले दोन एकमेकांत मिसळले. उरलेले दोघे २००० साली मिसळून एक झाले. पुढे २००५-०६ च्या सुमारास त्या एका भोवऱ्याचा रंग तांबूस झाला. लहानांचे मोठे होतात हे येथे कागदावर नव्हे, आकाशात दिसले.

तिसरा पुरावा प्रयोगशाळेचा. १९८८ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात सोमेरिया, मेयर्स आणि स्विनी यांनी एका फिरत्या गोल टाकीत पाणी खेळविले. ग्रहाच्या गोलाईचा परिणाम साधावा म्हणून टाकीचा तळ उतरता ठेवला होता. आरंभी अनेक भोवरे झाले, ते मिसळत गेले, आणि शेवटी खळबळ चालू असतानाच एक मोठा भोवरा टिकून राहिला. गुरूच्या तांबड्या डागाचे ते लहान रूप होते.

२०१६ साली जुनो हे यान गुरूभोवती फिरू लागले. गुरूचे गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजून त्याने दाखविले, की हे झोत केवळ वरवरचे नाहीत, सुमारे तीन हजार किलोमीटर खोलवर गेले आहेत. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे फक्त पातळ थराचा विचार करून गुरूच्या बाबतीत पुरत नाही. फिरण्यामुळे येणारा तो खांबांचा ताठपणाही लक्षात घ्यावा लागतो. गुरूच्या उत्तर ध्रुवाभोवती एका वादळाला वेढून आठ वादळे आणि दक्षिण ध्रुवाभोवती एकाला वेढून पाच वादळे उभी आहेत, हेही जुनोनेच दाखविले. पट्टे तेथपर्यंत पोहोचत नाहीत.

आणि ज्याच्या साडेसातीची धास्ती असते तो शनी? त्याच्या उत्तर ध्रुवाभोवती वाहणारा झोत चक्क षटकोनी आहे. सहा बाजू, प्रत्येक बाजू सुमारे १४,५०० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाहून लांब. व्हॉयेजरने १९८०-८१ साली घेतलेल्या छायाचित्रांतून तो १९८८ साली ओळखला गेला. एखाद्याला वाटेल, की भूमितीची एवढी नेमकी आकृती आपोआप कशी होईल? कोणीतरी काढलीच असली पाहिजे. पण २०१० साली ऑक्सफर्डमधल्या शास्त्रज्ञांनी फिरत्या टाकीत आतल्या पाण्याला वेगळा वेग दिला, तेव्हा प्रवाहाला लाटांचे वळण लागून षटकोन उभा राहिला. वेगांतला फरक बदलला की बाजूंची संख्याही बदलली. कारण बदलले की आकृती बदलते. आकृतीचा धनी कोण, हे यावरून ओळखावे.

डागाचे वय आणि अनित्यता

तांबड्या डागाबद्दल अनेक पुस्तकांत लिहिलेले असते, की तो साडेतीनशे वर्षे जुना आहे. याचे कारण १६६५ साली कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने गुरूवर एक डाग पाहिला होता. १७१३ पर्यंत त्याच्या नोंदी मिळतात, मग शंभरावर वर्षे काहीच नाही. आजच्या डागाची खूण १८३१ पासून आढळते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या चित्रांची मोजमापे घेऊन असा निष्कर्ष काढला गेला, की तो जुना डाग वेगळा होता. आजचा डाग निदान १९० वर्षांचा आहे. पुस्तकात छापले आहे, मोठ्या माणसाने लिहिले आहे, सगळे तसेच म्हणतात, एवढ्यावर विज्ञान थांबत नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपण याच विहारात वारंवार ऐकला आहे. त्याची आठवण येथे होते.

हा डागही कायमचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सुमारे ४०,००० किलोमीटर लांब होता. व्हॉयेजरच्या वेळी सुमारे २३,००० भरला. आता तो सुमारे १६,००० किलोमीटर आहे. नेपच्यूनवर व्हॉयेजरला १९८९ साली असाच मोठा काळा डाग दिसला होता. १९९४ साली हबल दुर्बिणीने शोधले तेव्हा तो नाहीसा झालेला होता. पोसणारी कारणे आहेत तोवर वस्तू आहे. कारणे सरली की वस्तू सरते, मग ती पृथ्वीएवढी का असेना.

आपल्या डोक्यावरचे झोत

या अभ्यासाचा आपल्या जगण्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून वाहणारा झोत हा याच कुटुंबातला. त्याच्या लाटांबरोबर पंजाब-हिमाचलात पाऊस आणि बर्फ येतो. कधी कधी ही लाट नेहमीपेक्षा दक्षिणेकडे झुकते, समुद्रावरची ओलसर हवा तिला येऊन मिळते, आणि आपल्याकडे गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात उभी पिके झोपली ती अशीच. त्या वेळी देवाचा कोप झाला असे म्हणणारे होते. कोपाला उपाय एकच, पूजा. कारणाला मात्र अनेक उपाय आहेत : अंदाज, इशारा, पीकविमा, साठवण. शेतमजुराच्या घरात जन्मलेल्या माणसाला कोप आणि कारण यांतला फरक दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या दारिद्र्यालाही एके काळी पूर्वजन्मीचे पापच म्हटले जात होते.

हवामानाची गणिते संगणकावर सोडविण्याची वाट ज्यांनी घातली त्यांतले स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना २०२१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पृथ्वीच्या तापमानवाढीचा आजचा अभ्यास याच वाटेने चालला आहे.

यातून काय घ्यावे, काय घेऊ नये

आता थोडे स्पष्ट बोलतो. या विषयावरून दोन सोपे निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. दोन्ही टाळावेत.

पहिला मोह असा, की हे सारे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते असे म्हणायचे. कृपा करून तसे म्हणू नका. विमाने आणि अण्वस्त्रे आमच्या पोथ्यांत होती असे म्हणणाऱ्यांना आपण हसतो. मग आपणही तेच करायचे काय? तथागतांनी गुरूचे पट्टे पाहिले नव्हते आणि त्यांच्या धम्माला त्या दाखल्याची गरज नाही. त्यांचा विषय माणसाचे दुःख हा होता. प्रतीत्यसमुत्पादाने शिकवली ती विचारण्याची रीत : हे आहे, तर ते कशामुळे आहे? आणि ते कारण दूर झाले तर काय होईल? बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सृष्टीचा कर्ता ईश्वर मानणे नाकारले आहे आणि घडणाऱ्या गोष्टींमागे कारणे शोधण्यावर भर दिला आहे. विज्ञानाशी आपले नाते आहे ते या रीतीचे.

दुसरा मोह असा, की गुरूवर गोंधळातून आपोआप शिस्त येते, तशी समाजातही येईल. आपण स्वस्थ बसावे. हेही खरे नाही. भोवऱ्याला निवड नसते, माणसाला असते. भोवरा हिशेबाने मोठ्यात मिसळतो. माणूस कोणाबरोबर जायचे ते ठरवू शकतो. समाजातल्या उतरंडीही आपोआप आलेल्या नाहीत. त्यांना पोसणारी कारणे आहेत, ती माणसांनी निर्माण केली आहेत आणि माणसांनीच ती दूर करायची आहेत.

मग घ्यायचे काय? एवढेच, की आखणी दिसली म्हणून आखणारा असलाच पाहिजे असे नाही. सरळ रेघा दिसल्या, सहा कोन दिसले, शेकडो वर्षे टिकलेले वादळ दिसले, तरी हात जोडण्याआधी कारण विचारावे. विचारले तर ते सापडते, मोजता येते, टाकीत करून पाहता येते. ज्या गुरूच्या नावाने मुलींची लग्ने अडविली जातात, तो वायूचा एक गोळा आहे. तो आपल्या हिशेबाने फिरतो आहे. आपल्या घरातल्या मुलीचे नाव त्याला ठाऊक नाही. तिने काय शिकावे आणि कोणाशी लग्न करावे हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे, त्याचा नाही.

आपल्या संविधानात १९७६ साली ५१-क हे कलम घालण्यात आले. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा आणि जिज्ञासेचा विकास करणे हे त्यात प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. कर्तव्य कागदावर राहू नये म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. मंडळाने एक लहान दुर्बीण विकत घ्यावी. साठ-सत्तर मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पुरे. गुरू रात्री आकाशात असेल त्या महिन्यांत ती विहाराच्या गच्चीवर लावावी. गुरूवरचे दोन ठळक गडद पट्टे तिच्यातून दिसतात, आणि गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले चार चंद्रही दिसतात. मुलांनी पाहावे, त्यांच्या आयांनी पाहावे, आजीलाही हात धरून वर न्यावे. ज्या घरात सोयरिकीची बोलणी चालू असतील, त्या घराने तर आधी पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण गणित अवघड म्हणून दहावीनंतर विज्ञान सोडतात. आज सांगितलेल्या गोष्टीतले गणित खरोखर अवघड आहे आणि ते पूर्ण सुटलेलेही नाही. खळबळीचा संपूर्ण सिद्धान्त अजून कोणाच्या हाती आलेला नाही. म्हणजे तेथे जागा शिल्लक आहे. ती जागा कोणा एका जातीच्या किंवा देशाच्या नावाने राखून ठेवलेली नाही. तुम्ही तेथवर जावे, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवितो.

जय भीम. नमो बुद्धाय.